उघड्यावरच्या कुंड्यांत पाणवनस्पती: मराठवाड्यातून एक आढावा

फिश टँकमधली झाडं टँकमध्येच वाढवायची असतात, असं बहुतेक हौशी लोक धरून चालतात. मग एलईडी दिवे येतात, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर येतो, पाकीटबंद माती येते, आणि एवढं करूनही थोड्याच दिवसांत रोटालाचे शेंडे झडू लागतात. माहूर, किनवट, अहमदपूर, उदगीर अशा ठिकाणी राहणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. झाडं मोठ्या शहरातून कुरिअरने मागवायची, आणि एप्रिल-मे महिन्यांत पाकीट उघडलं की हाती यायचा तो हिरवा चिखल.

माझं मत असं, की मराठवाड्यात या झाडांची खरी रोपवाटिका टँकच्या बाहेर आहे. अंगणात, गच्चीवर, विहिरीच्या कडेला, जिथे जागा असेल तिथल्या कुंड्यांत आणि टबांत. पण ऊन आणि पाणी या दोन गोष्टींचा हिशेब आधी मांडावा लागतो, आणि कोणती झाडं लावायची याचा विवेकही ठेवावा लागतो. या तीन प्रश्नांची उत्तरं नीट दिल्याशिवाय हा छंद इथे टिकत नाही.

आधी मुळातली गोष्ट. दुकानात पाणवनस्पती म्हणून मिळणारी बरीच झाडं निसर्गात बाराही महिने पाण्याखाली नसतात. ती ओढ्याच्या काठची, भातखाचरातली, पावसाळ्यात बुडणारी आणि उन्हाळ्यात उघडी पडणारी झाडं आहेत. रोटाला, लुडविगिया, हायग्रोफिला, नीरब्राह्मी, आंबुली, क्रिप्टोकोरिन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, अनुबियास ही सगळी त्यातली. पाण्याबाहेर त्यांची पानं जाड असतात, त्यांवर मेणाचा पातळ थर असतो आणि श्वासरंध्रं असतात. पाण्याखाली तेच झाड पातळ, मऊ, कधी बारीक चिरलेली पानं काढतं. आंबुलीच्या एकाच फांदीवर पाण्याखाली बडीशेपेसारखी पानं आणि पाण्यावर साधी दातेरी पानं दिसतात.

पाण्याबाहेर झाड जोमाने का वाढतं, याचं कारण सरळ आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट संथ गतीने तो पाण्यात पसरतो. म्हणून टँकमध्ये सिलिंडर लावावा लागतो. कुंडीतल्या झाडाचं डोकं हवेत असलं की तो खर्च उरत नाही. प्रकाशाचंही तसंच. दुपारचं निरभ्र ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं. टँकच्या तळाशी दिव्याचा प्रकाश काही हजार लक्स पोहोचला तरी पुष्कळ. व्यापारी रोपवाटिकांना हे केव्हाच कळलेलं आहे. डेन्मार्कमधली 1970 साली सुरू झालेली ट्रॉपिका ही प्रसिद्ध रोपवाटिका आपली बहुतेक झाडं हरितगृहात, मुळं ओली आणि पानं हवेत ठेवूनच वाढवते. दुकानातल्या छोट्या जाळीदार कुंडीतलं झाड बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या टँकमध्ये बुडत असतं. मग तेच काम माहूरच्या अंगणात का करू नये?

काही झाडं मात्र पूर्णपणे पाण्यातलीच. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट यांना पाण्याबाहेर उघडं ठेवलं तर ती मरतात. त्यांना फूट-दीड फूट पाणी असलेला टबच लागतो.

आता उन्हाचा प्रश्न. मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा 42 ते 44 अंशांवर जातो. काळ्या प्लास्टिकच्या टबात भर उन्हात ठेवलेलं पाणी हवेहूनही तापतं, त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मुळं कुजू लागतात. इथे पहिला उपाय सावलीचा. पन्नास टक्क्यांची शेडनेट बहुतेक झाडांना पुरते. मार्चपासून पंचाहत्तर टक्क्यांची लावावी. अनुबियास आणि जावा फर्न यांना तर वर्षभर दाट सावलीच हवी, उन्हात त्यांची पानं भाजतात. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत असेल तर टब तिच्या कडेने ठेवावेत, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारचं टळतं.

दुसरा उपाय भांड्याचा. मासे ज्या थर्माकोलच्या पेट्यांतून येतात त्या पेट्या दुकानदार स्वस्तात देतात, आणि या कामासाठी त्याहून चांगलं भांडं मला माहीत नाही. आतलं पाणी लवकर तापत नाही, थंडीत लवकर गारठत नाही. आत जाड प्लास्टिकचा कागद अंथरला की गळतीही थांबते. कुंभाराकडचा रांजण किंवा रुंद तोंडाचा माठ पाणी नक्कीच गार ठेवतो, पण तो पाझरतो. म्हणजे गारवा पाण्याच्या मोलाने मिळतो, आणि बाहेरून क्षारांचा पांढरा थर चढत जातो. उन्हाळ्याचे दोन महिने नाजूक झाडं जगवायला एखादा रांजण ठेवावा, सगळी शेती त्यात करू नये. सिमेंटची टाकी नवी असेल तर तिच्यातला चुना पाण्यात उतरतो आणि पाणी झाडांना व माशांना सोसत नाही. मत्स्यशेतीवाले नव्या टाकीत केळीच्या खोडाचे तुकडे टाकून पाणी भरून ठेवतात, मग ते काढून टाकतात, असं दोन-तीनदा करतात. तेच इथेही करावं.

पाण्याचा प्रश्न मात्र सावली-भांड्याने सुटत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. जलदूत नावाची ती गाडी पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांनी अंगणात पाण्याचे टब मांडून बसावं का, हा प्रश्न रास्त आहे, आणि कुणी विचारला तर राग येऊ देऊ नये. म्हणून आकडे पाहू. दोन फूट व्यासाच्या गोल टबाचा पृष्ठभाग पाव चौरस मीटरहून थोडा जास्त. उन्हाळ्यात रोज दहा मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर एका टबातून दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी उडतं. तीन टबांचे नऊ लिटर. मार्च ते मे या तीन महिन्यांत आठशे लिटरांच्या आसपास, म्हणजे दोनशे लिटरचे चार निळे ड्रम. शेडनेट आणि वाऱ्याचा आडोसा असेल तर हा आकडा बराच खाली येतो.

हे पाणी बोअरचं असेल तर त्यात आणखी एक पेच आहे. आपला बहुतेक प्रदेश काळ्या पाषाणाचा, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी. क्षार टबातच राहतात. साठ लिटरच्या टबात रोज तीन लिटर बोअरचं पाणी घातलं आणि त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला आठशे मिलिग्रॅम असेल, तर महिन्याभरात सत्तर ग्रॅमहून जास्त क्षार टबात जमा होतात. त्यातले काही तळाशी आणि कडांना थर धरून बसतात हे खरं, तरी मूळ आठशेचं पाणी महिन्याच्या शेवटी दोन हजारांकडे जाऊ शकतं. पानांच्या कडा करपतात, शेंडे आखडतात, आणि माणूस खत कमी पडलं म्हणून वर आणखी खत टाकतो. कुंड्यांत झाडं मरण्याचं मराठवाड्यातलं मुख्य कारण माझ्या मते हेच आहे. उन्हाचा नंबर त्याच्या मागे.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला पावसाच्या पाण्याचा. नांदेड जिल्ह्यात माहूर-किनवटचा डोंगराळ पट्टा पावसाच्या बाबतीत नशीबवान. वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. दहा चौरस मीटर पत्र्यावरून, वीस टक्के वाया गेलं धरूनही, आठ हजार लिटर पाणी मिळतं. त्यातले चार ड्रम झाकून ठेवले की वर हिशेब केलेला उन्हाळा निघतो. लातूरकडे पाऊस कमी, पण तिथेही पत्रा जरा मोठा घेतला की भागतं. दुसरा मार्ग टँकच्या पाण्याचा. दर आठवड्याला टँकमधलं जे पाणी बदलून गटारात ओततो, ते माशांच्या विष्ठेमुळे नायट्रेटने भरलेलं असतं. तेच कुंड्यांना घालावं. पाणीही वाचतं आणि खतही मिळतं. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र टाळावं, त्यात क्षार एकवटलेले असतात. आणि पाण्याखाली राहणारी तीन-चार झाडं सोडली तर बाकीच्यांना भरलेल्या टबाची गरजच नसते. पसरट परातीत किंवा पेटीत चार बोटं माती, ती सतत चिखलासारखी ओली आणि वर प्लास्टिकचा पारदर्शक कागद, एवढ्यावर रोटाला आणि क्रिप्टोकोरिन छान फुटतात. ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्या वर्षी टब रिकामे करून फक्त अशा पेट्या ठेवाव्यात. माणसांना पाणी नसताना टब भरून ठेवायचा हट्ट करू नये.

मातीबद्दल फार बोलायला नको. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी 1999 च्या आपल्या पुस्तकात साध्या मातीवर टँक उभा करता येतो हे सविस्तर दाखवलं आणि महागड्या मातीची गरज अनेकांच्या मनातून गेली. आपली काळी माती सुपीक आहे, अन्नद्रव्यं धरून ठेवते. पण पाण्यात फुगते, गढूळ होते आणि चुनखडीची असेल तर पाणी आणखी जड करते. तलावातला गाळ त्यापेक्षा बरा. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत ठिकठिकाणी गाळ निघतो आहे, त्यातलं पोतंभर मिळवणं अवघड नाही. गाळ भिजवावा, वाळवावा, पुन्हा भिजवावा, असं तीन-चारदा केलं की त्यातलं न कुजलेलं कुजून जातं. मग चाळून, एकतृतीयांश जाड वाळू मिसळून वापरावा आणि वर वाळूचा बोटभर थर द्यावा. ताजं शेण किंवा अर्धकच्चं शेणखत पाण्याखाली घालू नये. अमोनिया सुटतो आणि मुळं जळतात.

कॅलेंडर इथलं वेगळं आहे. थंड देशांतली पुस्तकं उन्हाळ्यात टब बाहेर काढा म्हणतात. आपल्याकडे हंगाम सुरू होतो मृगाच्या पावसाने. जून ते सप्टेंबर हवा दमट, ऊन ढगाआड, पाणी मऊ. या चार महिन्यांत एका काडीच्या दहा काड्या होतात. फक्त टबाला कडेपासून दोन बोटं खाली भोक पाडून त्यावर बारीक जाळी बांधावी, म्हणजे मुसळधार पावसात झाडं वाहून नालीत जात नाहीत. ऑक्टोबरचं ऊन पडलं की शेडनेट परत चढवावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाढ मंदावते, रात्रीचा पारा दहाच्या आसपास आला की अनुबियास थबकून बसतं, पण मरत नाही. माल टँकमध्ये नेण्याचा आणि कुरिअरने पाठवण्याचा उत्तम काळ हाच. मार्चपासून पावसापर्यंत फक्त बियाण्यापुरतं झाड जगवायचं. या काळात वाढीची अपेक्षा ठेवली की निराशा पदरी येते.

साठलेलं पाणी म्हटलं की डासांचा प्रश्न आलाच, आणि तो गंभीर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आपल्या उष्म्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं ते त्यासाठीच. झाडांचा टब कोरडा करता येत नाही, म्हणून प्रत्येक टबात गप्पी मासे हवेतच. ते नांदेडच्या दुकानात मिळतात, आरोग्य केंद्राकडेही विचारून पाहावेत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तेव्हा त्याला टबापुरताच ठेवावा. मातीच्या पेटीत मोकळं पाणी उभं राहत नसेल तर तिथे अळी होत नाही. ज्याला दर आठवड्याला टब तपासायला वेळ नाही त्याने पेट्याच कराव्यात, टब करू नयेत. शेजाऱ्याच्या मुलाला ताप आणणारा छंद नको.

टबांत हवेतून चतुरही येऊन अंडी घालतात. त्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात हे चांगलं, पण झाडांबरोबर टँकमध्ये गेल्या तर माशांची पिल्लं आणि कोळंबी फस्त करतात. म्हणून बाहेरचं झाड आत नेताना मुळं धुवावीत, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवावीत आणि दोन-तीन दिवस वेगळ्या बादलीत ठेवून पाहावं. हवेतली पानं पाण्याखाली गेल्यावर गळतात. क्रिप्टोकोरिनचं तर सगळं झाड वितळल्यासारखं दिसतं. घाबरून उपटू नये. मुळं शाबूत असतील तर दोन ते चार आठवड्यांत पाण्यातली नवी पानं येतात. कमळवर्गातल्या झाडांवर मावा पडतो, तो पाण्याच्या फवाऱ्याने खाली पाडला की गप्पी खातात. कीटकनाशक चुकूनही मारू नये. माहूर-किनवटच्या सागवानी पट्ट्यात वानरांच्या टोळ्या फिरतात, तिथे टबांवर जाळी हवी.

आता सर्वांत महत्त्वाचं, झाडांची निवड. जलपर्णीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांसाठी बागांत आणली गेली. आज पंचगंगेपासून मुळा-मुठेपर्यंत आणि नांदेडच्या गोदावरीतही ती उपसायला यंत्रं लावावी लागतात. अलीकडची गोष्ट केरळची. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये कोझिकोडजवळच्या आवळा पांडी गावात एक पाट गुलाबी फुलांनी भरून गेला आणि लोक छायाचित्रांसाठी लोटले. ती फुलं होती कबोम्बाची, अमेरिका खंडातल्या आणि फिश टँकच्या व्यापारातून पसरलेल्या वनस्पतीची. खालचा पाट तिने गुदमरून टाकला होता. आणि हा व्यवहार एकतर्फी नाही. आशियातली हायड्रिला 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीलंकेहून टँकच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली. आपल्या पाणथळीतली हायग्रोफिला पॉलीस्पर्मा 1945 च्या सुमारास अमेरिकेत गेली. दोन्ही तिथे संघराज्याच्या घातक तणांच्या यादीत आहेत. जे झाड आपल्या तळ्यात मासे आणि कीटक सांभाळून राहतं, तेच परक्या पाण्यात तळं खाऊन टाकतं. उघड्यावरची कुंडी टँकपेक्षा याच कारणाने जोखमीची आहे: ती पावसात भरून वाहते, पक्षी तिच्यात उतरतात, तुकडे नालीतून ओढ्यात जातात. माहूरचा ओढा शेवटी पैनगंगेला मिळतो आणि पैनगंगेच्या काठी अभयारण्य आहे. म्हणून साल्विनिया, जलपर्णी, गोंडाळ आणि कबोम्बा ही झाडं उघड्यावर ठेवूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. पाण्यावर सावली हवी असेल तर अझोला आहे. शेतकरी दुभत्या जनावरांसाठी खड्ड्यात वाढवतात तोच. तो नत्रही धरतो. कडक उन्हात मरतो, पण पावसात पुन्हा येतो. तोही जाळीच्या आतच ठेवावा.

मग लावावं काय? आपलीच झाडं. नीरब्राह्मी मराठवाड्यातल्या तलावांच्या काठी चिखलात पसरलेली सापडते. जड पाणी, ऊन, दुर्लक्ष सगळं सोसते, आणि टँकमध्ये उभी, नेटकी वाढते. आंबुली, भारतीय रोटाला, व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट, चार पानांची मार्सिलिया, लहान कुमुदं ही सगळी इथल्या हवेला सरावलेली. परदेशी झाडांपैकी अ‍ॅमेझॉन स्वोर्ड आणि श्रीलंकेचं क्रिप्टोकोरिन वेंडटी ही दोन सावलीच्या पेटीत बिनधोक वाढतात आणि सहज पसरत नाहीत. स्वोर्डच्या फुलदांड्यावर पिल्लं फुटतात, तीच लावायची.

आपल्या झाडांची गोडी लागली की पाय कासकडे वळतात, आणि तिथे थांबायला हवं. साताऱ्याचं कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथल्या डबक्यांत वायतुरा उगवतो, अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, ज्याची शास्त्रीय नोंद 1982 मध्ये झाली. गेंद आहे, जांभळी मंजिरी आहे. या दोघांच्या वंशातली झाडं टँकवाल्यांच्या बाजारात चांगल्या भावाने विकली जातात. कोकणात क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा आहे, महाराष्ट्राबाहेर न सापडणारी. यांतलं एकही झाड उपटून आणू नये. वनक्षेत्रातून उचलणं बेकायदा आहेच, शिवाय ती जांभ्याच्या सड्यावरच्या मऊ, किंचित आंबट पाण्यातली झाडं. आपल्या काळ्या पाषाणाच्या पाण्यात बहुतेक मरतात. अशा दुर्मीळ झाडांचं काम प्रा. श्रीरंग यादव यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बागेत केलं आहे. ते तिथेच शोभतं.

हौशी माणसाने शिकावं असं एक उदाहरण आपल्याच राज्यात, गोंदिया-भंडाऱ्यात आहे. तिथल्या मालगुजारी तलावांत बेशरमची झुडपं माजली आणि मासळी घटली, तेव्हा भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या लोकांनी तलावाची कोरडी जमीन नांगरून त्यात हायड्रिला, हॉर्नवर्ट, व्हॅलिसनेरिया अशी देशी पाणवनस्पती लावली. त्यांच्या आसऱ्याने देशी मासे परत येऊ लागले. टँकवाल्यांच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या या काड्यांची खरी किंमत त्या तलावांत कळते. मराठवाड्यातल्या गाव-तलावांसाठी असं काम करायचं ठरलं, तर त्याच तलावातल्या किंवा शेजारच्या तलावातल्या झाडांची रोपं कुंड्यांत तयार करून देणारी माणसं लागतील. छंद म्हणून शिकलेली कला तिथे उपयोगी पडेल. मात्र ते काम तलावाच्या मच्छीमारांना आणि जाणकारांना विचारूनच व्हावं, कुणी परस्पर पिशवी रिकामी करून नव्हे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला एवढंच सांगेन. येत्या मृगाला एक थर्माकोलची पेटी आणि एक टब, एवढ्यावरच सुरू करा. पेटीत नीरब्राह्मी आणि क्रिप्टोकोरिन, टबात व्हॅलिसनेरिया आणि चार गप्पी. पत्र्याखाली एक ड्रम पहिल्याच पावसात लावा. कापणीतून उरलेल्या काड्या उन्हात कडकडीत वाळवून मगच खतात टाका. माहूरच्या मातृतीर्थ तलावात, नालीत किंवा पैनगंगेत एकही तुकडा सोडू नका.